रंगावर आवळलेला बोल्ट

“मग बिघाड ॲम्पमध्ये नाही, तर आहे तरी कुठे?”

अभिनंदनने हे तिसऱ्यांदा विचारलं. दस्तगीरचाचांनी तिसऱ्यांदा बशीत चहा ओतला.

कुरुंदवाडच्या घाटाकडे उतरणाऱ्या रस्त्यावर, चिंचेखाली, चाचांचं पत्र्याचं दुकान होतं. गाड्यांमधले टेप, ॲम्प, भोंगे दुरुस्त करण्यात त्यांची चाळीस वर्षं गेली होती. अभिनंदन चौगुले नववीच्या सुट्टीत सोल्डरिंग शिकला तो याच दुकानात. पुढे तो इंजिनिअर झाला, तोही पहिल्या वर्गात. गुरूला न दुखवता गुरूपेक्षा शहाणं होण्याची कला मात्र त्याला कॉलेजात कुणी शिकवली नव्हती.

आज तो आला होता भांडायलाच. ॲम्प चाचांनीच दिलेला. व्हॅनच्या टपावर भोंगा, आत हा ॲम्प आणि हातात माईक, अशा थाटात तो महिनाभर गावोगाव हिंडत होता. उसाला पाणी पाजून पाजून रानं क्षारपड होत चालली आहेत, मातीवर मीठ फुललंय, सगळ्यांनी मिळून निचऱ्याचा चर काढला तरच ती सुधारतील, एवढंच त्याला लोकांना सांगायचं होतं.

पण इंजिन चालू असलं की भोंग्यातून त्याच्या आधी एक चिरका सूर निघे. ॲक्सिलरेटर दाबला की सूरही चढत जाई. मागच्या दोन गावांत लोक हसले होते. एकाने तर विचारलं होतं, साहेब, तुमच्याआधी हा डास बोलणार आहे काय?

आणि आज पाच वाजता खुद्द त्याच्या गावात ग्रामसभा होती. चर ज्यांच्या ज्यांच्या रानातून जायचा, त्या सगळ्यांनी आज हो म्हणायला हवं होतं. एक जरी नाही म्हणाला तरी काम तिथेच अडलं असतं, आणि पावसाळ्याआधी दुसरी सभा नव्हती.

दुपारचे दोन वाजले होते.

चाचांनी चहा संपवला. ॲम्प गाडीतून सोडवून टेबलावर आणला, दुकानातल्या बॅटरीला जोडला, माईकवर दोन फुंकरा मारल्या. आवाज विहिरीच्या पाण्यासारखा स्वच्छ आला.

“निरोगी हाय,” ते म्हणाले.

ॲम्प पुन्हा गाडीत चढवला. इंजिन चालू केलं. सूर हजर.

अभिनंदनने मग काय काय केलं ते सगळं सांगितलं. केबल नवी घातली. माईक बदलला. आवाज गाळणारी डबी बसवली. बोलता बोलता त्याचाच आवाज चढत चालला होता.

“अर्थ?” चाचांनी विचारलं.

अर्थ म्हणजे ॲम्पची काळी वायर. ती गाडीच्या लोखंडी अंगाला आवळायची असते. ती नीट बसली नाही, तर इंजिनाचा सगळा गोंगाट बोलणाऱ्याच्या आवाजात शिरतो.

“तपासलाय. मीटर लावला, बीप वाजला. अर्थ बरोबर आहे.”

“मग जा की सभेला.”

...

अभिनंदन जागचा हलला नाही. चाचाही हलले नाहीत. चिंचेवरून एक आकडा पडला आणि टपावर टकटक वाजला.

शेवटी चाचाच गुडघ्यावर हात देऊन उठले. व्हॅनच्या मागच्या दारातून आत शिरले, काळ्या वायरीवर बोट ठेवलं आणि आंधळ्याने भिंत धरून चालावं तसं बोट पुढे नेत गेले. सीटखालच्या बोल्टपाशी ते थांबलं.

“हे कुणी आवळलं?”

“मी.”

“घट्ट?”

“हत्तीने ओढलं तरी सुटायचं नाही.”

“कशावर आवळलंस?”

“बॉडीवर.”

“बॉडीवर...”

चाचांनी बोल्ट सैल केला, वायर बाजूला सारली आणि खालच्या पत्र्यावर अंगठ्याचं नख ओढलं. नख त्याच्यापुढे धरलं. त्यात पांढरा कपचा होता.

“हा रंग हाय, इंजिनिअरसाहेब.”

“पण मीटर...”

“मीटर हळू विचारतंय. ‘हाईस का?’ कुठं केसभर चिकटलेलं असलं तरी वायर म्हणती, ‘हाय.’ अंगावर ओझं पडल्यावर म्हणती का, ते बघ.”

अभिनंदनने वायर पुन्हा होती तशी आवळली, ॲम्पचा आवाज पुरा चढवला आणि मग मीटर लावला. त्या एका बोल्टपाशी दीड व्होल्ट गळत होते.

रंगातून वीज जात नाही, हा पहिल्या वर्षाचा धडा. त्याला तो येत नव्हता असं नाही. महिन्यापूर्वीच त्याने व्हॅन आतून-बाहेरून पांढरीशुभ्र रंगवून घेतली होती, दोन्ही अंगांना हिरव्या अक्षरांत घोषणा लिहून घेतल्या होत्या. ताज्या रंगावर ओरखडा काढायला हात धजला नव्हता. बोल्टचे आटे कुठेतरी चावतील, असं त्याने स्वतःला समजावलं होतं.

“रंगावर आवळलंस,” चाचा म्हणाले. “मग अर्थ लागंल कसा?”

त्यांनी पॉलिश पेपरचा तुकडा त्याच्या हातात दिला आणि स्वतः बाहेर जाऊन पायरीवर बसले.

अभिनंदन घासू लागला. पांढरा रंग उडाला.

“झालं.”

“काय दिसतंय?”

“लाल.”

“तो बी रंगच. खालचा.”

तो पुन्हा वाकला. घाम कपाळावरून नाकाच्या शेंड्यावर आला. लाल थर हट्टी निघाला. तो गेला तेव्हा कुठे सुरीच्या पात्यासारखं लोखंड चमकलं. त्याने वायर त्यावर आवळली, इंजिन चालू केलं, ॲक्सिलरेटर दाबला.

सूर नव्हता.

अभिनंदनला इतका आनंद झाला, की आभार मानायचे राहूनच गेले. घड्याळात पावणेतीन. तो निघणार, तोच चाचा म्हणाले, नुसतं इंजिन ऐकून काय कळतंय, संध्याकाळचं भाषण जरा म्हणून दाखव.

त्याने माईक उचलला. भाषण त्याला पाठच होतं.

“बंधुभगिनींनो, मृदेचं आरोग्य हेच राष्ट्राचं आरोग्य. शाश्वत विकासाच्या या पर्वात...”

भोंग्याचं तोंड घाटाकडे होतं. घाटावर बायका धुणं आपटत होत्या, त्यांचा ताल चुकला नाही. सायकलवरचा एक माणूस गाणं गुणगुणत निघून गेला.

“आवाज हाय,” चाचा म्हणाले. “रंग बी हाय.”

अभिनंदनचे कान तापले. त्याने घसा साफ केला.

“आपल्या तालुक्यात शेकडो शेतकऱ्यांची रानं पांढरी पडली आहेत. प्रत्येकाने थोडा त्याग केला, शेजाऱ्याला वाट दिली...”

“लाल दिसतंय.”

...

माईक त्याच्या हातात तसाच राहिला. इंजिन चालू होतं आणि भोंग्यात आता ज्याआड लपावं असा सूरही उरला नव्हता. डॅशबोर्डवर चराचा नकाशा होता. तो त्याने स्वतः काढला होता, शाईने, सुबक. त्याच्याकडे बघत तो बोलला. आवाज अगदी खाली आला होता.

“चर सरळ काढला, तर ओढ्याकडच्या आमच्या रानातून जातो. आमचं तेवढंच रान चांगलं राहिलंय. माझे वडील, अण्णा, नाही म्हणाले. म्हणून नकाशात रेघ मी वळवली... सोनाक्काच्या रानातून. ती एकटी बाई. नकाशा तिला वाचता येत नाही.”

धुणं थांबलं.

रस्त्यात एका सायकलवाल्याने पाय टेकला. तो मान वळवून भोंग्याकडे बघत राहिला. घाटावरून एक बाई, हातात पिळलेलं लुगडं तसंच धरून, दुसरीला विचारत होती, कुणाच्या रानातनं म्हणाला गं?

भोंगा चालू होता, हे अभिनंदनच्या तेव्हा ध्यानात आलं. त्याने माईक बंद केला, मग इंजिन.

“चाचा, हे सभेत बोललो, तर अण्णा मला घरात घेणार नाहीत.”

चाचांनी ‘बोल’ म्हटलं नाही आणि ‘नको’ही म्हटलं नाही. त्यांनी ॲम्पवर तळवा ठेवला, तापलाय का ते पाहिलं.

“बोलताना सूर आला?” त्यांनी विचारलं.

“नाही.”

...

अभिनंदनने नकाशा मांडीवर घेतला. वळसा घेऊन सोनाक्काच्या रानातून गेलेली रेघ शाईची होती, खोडरबराला दाद देणारी नव्हती. त्याने पॉलिश पेपर उचलला आणि हलक्या हाताने घासायला लागला. कागदाचा पापुद्रा निघाला, जागा खरबरीत झाली, पण रेघ गेली. मग पट्टी न घेताच त्याने पेनने ओढ्यापर्यंत सरळ रेघ ओढली. ती त्याच्या घरच्या रानाच्या मधोमध गेली.



त्याने नकाशाची घडी घातली. गाडीतून उतरला, चाचांच्या पाया पडला आणि पॉलिश पेपरचा तुकडा झटकून परत त्यांच्यापुढे धरला.

चाचांनी तो घेतला नाही. त्याचीच मूठ त्यावर मिटली.

“ऱ्हाऊ दे तुझ्याजवळ. उघडं लोखंड लई दिवस उघडं ऱ्हात न्हाई.”