दहा वाढपी, एक चूल

तीन गावं काठ्या घेऊन एकाच पाटाच्या तोंडाशी उभी ठाकली! तिघांच्याही हातात राजाचीच चिठ्ठी, "आज पाण्याची पाळी तुमची."

झालं होतं असं. पाळ्यांची वही एक, ती सांभाळणारे त्रिंबकपंत एक आणि रांग मात्र वेशीपर्यंत. तेव्हा राजाने स्वतःच्या अकलेने तोड काढली. दहा कारकून नेमले आणि वहीच्या दहा नकला करून एकेकाला वाटल्या. वर दहाही वह्यांत स्वहस्ते आपल्या आमराईची पाळी पहिली घातली. मग काय! जो तो कारकून आपल्याच वहीत पाळी लिहून चिठ्ठी देऊ लागला. आमराईत गुडघाभर पाणी, गावं कोरडी, आणि दोष अर्थात पंतांचा!

"कारकून दहाच राहतील, आमचा हुकूम फिरत नाही," राजा गरजला. "पण रांग दिसता कामा नये आणि चुकीची चिठ्ठी जाता कामा नये. उद्या जेवणापर्यंत तोड सांगा, नाहीतर राज्य सोडा!"

पंत घरी येऊन गाठोडं बांधू लागले. त्यांची लेक गोदू राजाच्या मुदपाकखान्यात स्वयंपाक करायची. तिने बांधलेली गाठ सोडली. बोलली मात्र इतकंच, "बाबा, गाठोडं राहू द्या. उद्याचं जेवण तर होऊ दे!"

दुसऱ्या दिवशी निवाडा ऐकायला आलेले तिन्ही गावचे पाटीलही राजाच्या पंगतीला होते. पहिल्या वाढप्याने आमटी वाढली. अळणी! दुसऱ्याची खारट. तिसऱ्याची तर करपलेली!

"कुणी केला हा स्वयंपाक?"

"दहा वाढप्यांनी, महाराज. दहा चुली मांडून दिल्या," गोदू नम्रपणे म्हणाली. "दफ्तरातली नवी रीत, म्हटलं इथेही आणावी."

राजाचा घास हातातच राहिला. "मग खरी रीत कोणती?"

"आपल्या घरचीच! चूल आत एक, वाढपी बाहेर दहा. वही बघायला बाबांना कितीसा वेळ लागतो? वेळ खातात ती गाऱ्हाणी. ती कारकुनांनी बाहेर ऐकावीत आणि नेमकं काय हवं ते चिठ्ठीवर आत धाडावं. बाबा वही बघून उत्तर देतील."

"आणि गर्दी दुप्पट झाली तर?"

"वाढपी वाढवा. चूल कशाला हलवायची?"

"वहीत लिहायचं कुणी?"

"एकट्या बाबांनी. पंगतीला कितीही मोठा माणूस बसला, तरी पातेल्यात हात घालत नाही!"

पाटलांनी घाईघाईने माना खाली घातल्या. राजा क्षणभर लाल झाला आणि मग असा खदखदून हसला की ठसकाच लागला! गळ्यातला कंठा त्याने गोदूला दिला, वहीच्या खोलीची किल्ली पंतांना.

"आता तरी चांगली आमटी आण, पोरी!"

"आणते, महाराज. पण आधी पाटलांची पाळी!"