आतून लावायची कडी

एकदा एक वृद्ध सेवाव्रती आपल्या शिष्याला घेऊन भर उन्हात एका चाळीत गेले, एका उघड्या दारासमोर उभे राहिले आणि आत पाऊलही न टाकता परत फिरले. शिष्याला त्याचा अर्थ कळला नाही.

वृद्धांची एक लहानशी संस्था होती. रस्त्यावर संसार मांडून बसलेल्या कुटुंबांना ती भाड्याची खोली मिळवून देई. घरमालकाकडे अनामत भरायची, सुरुवातीचे भाडे दात्यांकडून उभे करायचे, घरच्या कर्त्या माणसाला काम पाहून द्यायचे, मुलांना शाळेत घालायचे आणि मग हळूहळू आपला हात काढून घ्यायचा, अशी तिची रीत. शिष्य नुकताच पदवी घेऊन तिथे शिकायला आला होता. मनाने निर्मळ, पण उत्साह अंमळ जास्तच.

चाळीतल्या त्या उघड्या दाराच्या खोलीत सोजराबाई राहत होती. नवरा गेल्यावर दोन मुलींना घेऊन तिने बसस्थानकाच्या आडोशाला दिवस काढले होते. आता एका खानावळीत भाकऱ्या थापायचे काम लागले होते, डोक्यावर छप्पर आले होते. तरी बाई रुजेना. बोचके बांधलेलेच. दार रात्रंदिवस सताड उघडे. मुली निजल्या तरी ही भिंतीला टेकून जागीच. चाळीत कुणाशी बोलणे नाही, कुणाकडे जाणे नाही. गर्दीत राहून आलेली ती बाई चार भिंतींत फार एकटी पडली होती. एकदा तर मुलींना घेऊन पुन्हा बसस्थानकावर गेली. शिष्याने समजूत घालून आणली खरी. पण पुन्हा असे झाले तर खोली दुसऱ्याला देईन, असे घरमालकाने बजावले होते. खोली गेली की मुलींची शाळाही जाणार होती.

शिष्याला काळजी वाटे, म्हणून तो वरचेवर जाई. दार उघडेच असे, तेव्हा थेट आत शिरे. डब्यात पीठ आहे ना पाही, पातेल्यावरचे झाकण उचली आणि कडी लावून झोपत जा म्हणून उपदेश करून येई. ‘भीक नको पण कुत्रा आवर’ असे म्हणायचीही त्या बापडीला सोय नव्हती. ती नुसती मान डोलवी.

शिष्याकडून हे सारे ऐकल्यावर वृद्ध त्या दुपारी त्याला घेऊन स्वतः आले आणि उंबरठ्याबाहेर थांबले.

“सोजराबाई, आत येऊ का?”

ती दचकून उठली. “तुमचीच खोली हाय की, बाबा. मला कशापायी इचारता?”

“तुम्ही या म्हणालात तर येईन. नको म्हणालात तर जाईन.”

बाई गोंधळून पदराचे टोक चाळवू लागली. वृद्धांनी थोडा वेळ वाट पाहिली, हात जोडले आणि ते निघाले. पुढेही ते अधूनमधून येत, तसेच विचारत आणि उत्तर न मिळता परत जात. पायपीट फुकट चालली आहे, असे शिष्याचे मत झाले.

अशात या खोलीचे भाडे देणाऱ्या व्यापाऱ्याला खोली पाहावीशी वाटली. दात्यांना ही हौस असतेच. रोप लावायचे आणि मूळ धरले का ते रोज उकरून पाहायचे. वृद्ध, शिष्य आणि व्यापारी असे तिघे दारात आले. वृद्धांनी नेहमीचा प्रश्न विचारला. सोजराबाई धाकटीला न्हाऊ घालत होती. तिने तिघांकडे पाहिले. बराच वेळ पाहत राहिली.

“आज नगं, बाबा,” ती हळूच म्हणाली. मग ओल्या हाताने तिने दार लोटले. आतून कडी लागली.

व्यापारी संतापला. उपकाराची जाणीवच नाही, असे म्हणून तडक निघून गेला. शिष्य शरमेने खाली पाहत राहिला. हाती आलेला दाता घालवलात, असे तो वृद्धांना बोलूनही गेला. वृद्ध मात्र जिन्याच्या पायरीवर बसले होते आणि त्यांचे डोळे भरून आले होते.

“बाळा, रस्त्यावर निजलेल्या माणसाला कुणीही उठवतं. कुणी काठीनं उठवतं. दयाळू माणूस हलक्या हातानं उठवतो आणि पोळी देतो, पण तोही उठवतोच. नको म्हणायची मुभा त्याला कुठेच नसते. आपण हिला भिंती दिल्या आणि न विचारता आत शिरत राहिलो. मग बसस्थानकात आणि या खोलीत तिला फरक कसा कळावा? मी अनाथाश्रमात वाढलो. जेवण पोटभर होतं, माणसं मायाळू होती. दाराला आतून कडी नव्हती. पुढे स्वतःचं घर झालं, तरी कित्येक वर्षं मी दार उघडं टाकून एकटा जागत बसायचो. येऊ का, असं मला कधी कुणी विचारलंच नव्हतं.”

“आणि आता भाडं?” शिष्याने विचारले.

“दुसरा दाता शोधू. ती चिंता आपली, तिची नव्हे.”

काही दिवसांनी शिष्य एकटाच गेला. दार बंद होते. त्याने कडी वाजवली. “कोन हाय?” आतून आवाज आला. त्याने नाव सांगितले. “थांबा जरा.”

तो थांबला. आत मुली कशाला तरी खुदुखुदु हसत होत्या, आई त्यांना लटके दटावत होती. इतक्या घरांत तो आजवर शिरला होता. पण कुणाच्या दारात असा परका होऊन उभा राहिला नव्हता. चाळीतली येणारी-जाणारी माणसे त्याच्याकडे टकमक पाहत होती. त्याला फार एकटे वाटले. रोज सगळ्यांच्या नजरेसमोर जगणाऱ्या बाईला कसे वाटत असेल, हे त्याला तिथे उभ्या उभ्या उमगले.

बऱ्याच वेळाने कडी निघाली. सोजराबाई म्हणाली, “या आता.”

शिष्याने चपला बाहेर काढून ठेवल्या. त्या खोलीत जाताना त्याने त्या आजवर कधीच काढल्या नव्हत्या.