कनकाईनं नेलेला उद्या

एका राज्यात धैर्यधर नावाचा राजा होता. मनाचा मोठा, पण जिभेचा सैल. नगराबाहेर कनकाई नावाची म्हातारी जादूगारीण राहत असे. तिनं त्याला एकदा जेवायला बोलावलं. "उद्या येईन," राजा म्हणाला. म्हातारीनं पान मांडलं, वाट पाहिली. दुसऱ्या दिवशी विचारलं, तेव्हाही "उद्या येईन." असं वर्षभर चाललं. अखेर एका दुपारी तिनं वाढलेलं पान उचललं आणि म्हणाली, "राजा, तुला उद्या फार स्वस्त झालाय. तो मी घेऊन जाते."

त्या क्षणापासून राज्यातलं पुढचं बोलणं संपलं. झालेलं सांगता येई, चाललेलं सांगता येई. पण होईल, करू, येईन म्हणायला जावं तर जीभ टाळ्याला चिकटे. शेतकरी पेरीनात. लग्नं ठरेनात. रडत्या लेकराची समजूत काय म्हणून घालावी, तेही आयांना सुचेना.

अशात राणीला मुलगा झाला. त्या राज्यातली बाळं डोळे मिटून जन्मत आणि बारशाला आत्यानं 'मोठा होशील' म्हटलं की डोळे उघडत. राजाची बहीण लवंगिका पाळण्यावर वाकली. 'कुर्रर्र' केलं, 'सारंग' हे नाव सांगितलं, आणि पुढचा शब्द फुटेना. बाळ डोळे मिटूनच राहिलं आणि दिवसेंदिवस सुकत चाललं. एवढंसं ते पोर, त्यानं कुणाचं काय घोडं मारलं होतं?

लवंगिका उठली नि कनकाईला शोधायला चालू लागली. नगराबाहेरचं तिचं घर तर ओस पडलं होतं. वाटेत भारद्वाज पक्षी म्हणाला, "सात टेकड्यांपलीकडे धुक्याची बाग आहे." ती सात टेकड्या चालली. बागेत झाडं झोपेत हळूहळू बोलत होती, आणि कनकाईच्या ओसरीवर तांब्याच्या हंड्यात राज्याचं पुढचं बोलणं गुणगुणत होतं.

"माझ्या बागेत तुझी जीभ मोकळी आहे," कनकाई म्हणाली. "तीन शब्द दे. तिन्ही पाळलेस तर हंडा तुझा. एक मोडला तर बाळ कायमचं झोपलं. पहिला सांग. आता काय करशील?"

"तुझ्यासाठी पाणी आणवीन."

राजघराण्याची सवय, दुसरं काय!

"कुणाकडून? इथे दासी नाहीत."

लवंगिका ओशाळली. "मीच आणीन," म्हणाली. विहीर मागे मागे सरकत गेली, तरी तिनं पाणी आणलं.

"दुसरा. उद्या या वेळी काय करत असशील?"

"जात्यावर दळत असेन."

दुसऱ्या दिवशी ती दळायला बसली, तोच धुक्यातून राणीची हाक आली, "वन्सं, बाळानं डोळे उघडले, धावत या!" लवंगिकेचा जीव तुटला. आसवं पिठात पडली, पण हातातला खुंटा सुटला नाही. हाक धुक्याची होती, ती धुक्यातच विरली.

"तिसरा. आज दिवस मावळेपर्यंत काय झालेलं असेल?"

लवंगिकेनं ओसरीवर पाहिलं. वर्षभराचं ते पान अजून वाढलेलंच होतं.

"माझा भाऊ तुझ्या घरी जेवलेला असेल."

"त्याच्या भरवशावर? वेडी आहेस का ग?"

"भाऊ आहे माझा," लवंगिका म्हणाली.

भारद्वाज निरोप घेऊन उडाला. राजानं निरोप ऐकला आणि सवयीनं 'येईन' म्हणायला तोंड उघडलं. जीभ हलली नाही. म्हणता येईना, म्हणून तो उठला. अनवाणीच घोड्यावर बसला आणि सातही टेकड्या एका दौडीत ओलांडल्या.

सूर्य बोटभर उरला असता तो पानावर बसला. अन्न वर्षाचं होतं, पण गरम होतं. "आई, चुकलो," तो म्हणाला आणि शेवटच्या शितापर्यंत जेवला. कनकाईनं पदरानं डोळे पुसले नि हंड्याचं झाकण काढलं. भुर्रकन सगळे शब्द राज्यावर पसरले. त्याच संध्याकाळी कुणी पेरणीचं बोललं, कुणी लग्नाचं.

लवंगिका धावत पाळण्याशी आली.

"सारंगा, मोठा होशील."

बाळानं डोळे उघडले, आत्याकडे पाहिलं आणि अस्सं भोकाड पसरलं की सारा राजवाडा हसू लागला. जसं त्या घरी उजाडलं, तसं ऐकणाऱ्यांच्या घरी उजाडो.