गव्हाणीबाहेरचा घास

मुक्या जीवांच्या हुंकारातही जो नांदतो, त्या गोपाळाला प्रथम नमस्कार असो.

“मग बैलांना काहीच कसं झालं नाही, बुवा?”

डॉक्टर निरंजन पुसाळकरांनी हा प्रश्न गोदाकाठच्या मठात, गोठ्यात उभं राहूनच विचारला. अच्युतबुवांचा त्यांनी अनुग्रह घेतला होता. पण त्या दिवशी ते शिष्य म्हणून आले नव्हते. जनावरांच्या यकृताच्या संशोधनात त्यांची हयात गेली होती, आणि मठाच्या गायींची यकृतंच झिजत चालली होती. डोळे पिवळे पडलेले, चाऱ्यावरची वासना उडालेली. एक गाय तर नुकतीच दगावली होती.

“चारा एक, पाणी एक,” डॉक्टर म्हणाले. “आजारी पडतात त्या फक्त गायी. कुणीतरी निवडून विष घालतंय.”

बुवा गप्प...

ते मौनही डॉक्टरांना खटकलं. बुवा कुणाला पाठीशी तर घालत नाहीत?

डॉक्टरांनी गोठ्याचा राखणदार सटवाजी याला समोर बोलावलं.

“चारा कोण घालतं?”

“मीच.”

“पाणी?”

“मीच की.”

“बाहेरचं काही खायला मिळतं त्यांना?”

“छे! गव्हाणीबाहेरचा एक घास नाही, डाक्तरसाहेब. देवाशपथ.”

“आणि गव्हाणी आज इतक्या घासून का ठेवल्यास?”

“रोजच घासतो. आज तुम्ही पाहिल्या, एवढंच.”

उत्तर चटकन आलं, म्हणून डॉक्टरांचा संशय वाढला. उशिरा आलं असतं, तरी वाढलाच असता.

“बुवा, संध्याकाळच्या आत याला मठाबाहेर काढा. नाहीतर मी पोलिसांत जातो.”

सटवाजीचा चेहरा उतरला. “बुवा, माझा जन्म गेला इथं...”

बुवांनी शांतपणे विचारलं, “निरंजना, यकृत काय काम करतं रे?”

“द्वारपालाचं. पोटातून येणारं सारं त्याच्यासमोरून जातं. विष ओळखून ते निकामी करतं.”

“आणि अन्नालाच विष समजू लागलं तर?”

“यकृत तसं करीत नाही, बुवा.”

“हो. यकृत नाही करीत.”

डॉक्टरांच्या कपाळाला आठी पडली.

तेवढ्यात मध्यान्हीची घंटा वाजली. देवाचा नैवेद्य झाला होता. आधी गायींना गोग्रास आणि मग स्वतःच्या मुखात घास, हा बुवांचा नेम कधी चुकला नव्हता. ते गाभाऱ्यामागच्या खोलीत गेले आणि शेंगदाण्याच्या पेंडीने भरलेली पाटी घेऊन आले. कुणा भक्ताने वाहिलेलं पोतं त्या खोलीत होतं. अभिषेकाचं पाणी झिरपून तिथल्या भिंतींना सदा ओल असे.

बुवांनी पेंडीचं एक ढेकूळ उचललं. गायीच्या मुखाशी नेलं.

डॉक्टरांच्या नाकात कुबट वास शिरला.

“थांबा!”

त्यांनी गुरूचं मनगट धरलं होतं. आयुष्यात प्रथमच.

ढेकूळ त्यांनी उन्हात नेलं... हिरवट बुरशी. मोतीबिंदूने अधू झालेल्या बुवांच्या डोळ्यांना ती कधी दिसलीच नव्हती.

“हे रोज देता?”

“रोज. प्रत्येक गायीला.”

“आणि बैलांना?”

“गोग्रास बैलांना कसा देईन, निरंजना?”

डॉक्टर सटवाजीवर उखडले. “मघाशी विचारलं, तेव्हा हे सांगितलं का नाहीस?”

“तुम्ही खाण्याचं विचारलंत, डाक्तरसाहेब. ही तर पूजा.”

“ही बुरशीच यकृत खाते...” डॉक्टरांचा आवाज खाली आला. “दुसरं विष शोधायला नको.”

बुवा खाली बसले. गायीने सवयीने पाटीकडे मान लांबवली. त्यांनी पाटी दूर लोटली आणि तिच्या कपाळावर तळवा ठेवला.

“म्हणजे ती गेली, ती माझ्या हातून.”



“संध्याकाळच्या आत मठ सोडायचा ना, निरंजना? की तू पोलिसांत जातोस?”

“बुवा!” डॉक्टर त्यांच्या पायांशी बसले. “असं बोलू नका. आपल्याकडून हे अजाणता घडलं.”

“अजाणता...”

बुवांनी सटवाजीकडे पाहिलं. मग शिष्याकडे.

“हा शब्द मघाशी कुठं ठेवला होतास?”

ऐकणाऱ्या प्रत्येकाचं कल्याण होवो. घरोघरी आणि गोठ्यागोठ्यात सुख नांदो.