फुगीर डोक्याचा पिस्टन

"उस्ताद, याच्याहून भारी पिस्टन मिळतो का हो कुठं?"

मिरजेच्या दस्तगीर शिकलगारांना हा प्रश्न विचारणारा विश्वजित खोत सहा वर्षं त्यांच्याच हाताखाली शिकलेला. आता जयसिंगपुरात त्याचं स्वतःचं गॅरेज होतं. दारावर भली मोठी पाटी होती, आणि बोलणं त्या पाटीपेक्षा मोठं.

"सध्या कुठला घातलायस?"

"फुगीर डोक्याचा. दाब जास्त, ओढ जास्त. आमच्या आप्पांची चाळीस वर्षांची गाडी, पण ऐंशीनं पळतीय! पोरं वळून बघत्यात."

"मग अडलंय कुठं?"

विश्वजितनं बाहेर बघितलं.

त्याचे वडील, आप्पा, बाहेर बाकावर चहा पीत बसले होते. रिटायर वायरमन. सगळी नोकरी त्या गाडीवर झाली होती. रिटायर झाल्यावरही रोज सकाळी ती काढून ते नदीकाठी मित्रांत चहाला जायचे. पोरानं इंजिन नवं केलं आणि ते जाणं बंद पडलं. कधी ऊन फार आहे म्हणायचे, कधी कंटाळा आलाय.

"दोन महिने झाले, हात लावला नाही त्यांनी," विश्वजित हळूच म्हणाला. "आजसुद्धा माझ्या मागं बसून आलेत. मी जीव तोडून केलं, उस्ताद. त्यांना आवडलंच नाही. लई वाईट वाटतंय बघा. अजून भारी पार्ट घालतो, पण ते गाडीवर बसले पाहिजेत."

"मापं नीट घेतलीवतीस?"

"सगळी! सिलेंडर वर, मधी, खाली, तिन्हीकडं मोजला. तुम्हीच शिकवलंय की. केसाचा फरक नाही."

उस्तादांनी फळीवरचा मापं घ्यायचा वर्नियर उचलला. गाडीकडे न बघता ते सरळ बाहेर गेले आणि आप्पांच्या पुढ्यात उकिडवे बसले.

"आप्पा, विजार जरा वर घ्या."

आणि त्यांनी आप्पांच्या उजव्या गुडघ्याला वर्नियर लावला.

आप्पांना हसू आवरेना. चहा बशीत सांडला. "अहो शिकलगार, इंजिनागत माझं बोअरिंग करताय काय?"

उस्तादांनी अंगठ्यानं गुडघा जरा दाबला. आप्पांचं हसू थांबलं.

"किक मारताना दुखतंय?"

आप्पांनी आधी मुलाकडे बघितलं, मग बशीत.

"...किक उलटी येऊन पायावर मारती हो. दोनदा मारली. दुसऱ्या वेळी तर डोळ्यांत पाणीच आलं."

"आप्पा! मला सांगायचं तरी..." विश्वजितचे कान लाल झाले होते.

"कसं सांगू? तू एका किकेत चालू करतोस. एवढ्या हौसेनं केलंस, बाबा."

एवढी मापं घेतली, पण हे विश्वजितच्या ध्यानीमनी नव्हतं.

उस्ताद आत गेले आणि धुळीचा एक खोका घेऊन आले. आत त्याच मापाचा पिस्टन होता, फक्त सपाट डोक्याचा.

"हा घाल. दाब कमी, किक हलकी."

विश्वजितनं तो हातात फिरवला. भारी पार्टाची खोड अजून गेली नव्हती. "पण उस्ताद, यानं ओढ कमी होणार. साठाच्या वर जायची नाही गाडी."

उस्तादांनी आप्पांना विचारलं, "कुठवर जायचं असतंय हो?"

"नदीवर."

दोन दिवस जयसिंगपूरहून येऊन विश्वजितनं उस्तादांच्या गॅरेजात, खाली बसून, तो पिस्टन स्वतः बसवला. तिसऱ्या दिवशी सकाळी तो आप्पांना घेऊन आला.

आप्पांनी पाय उचलला. थांबले... मग भीत भीत दाबला.

गाडी पहिल्या किकेत चालू झाली.

आप्पांनी पोराकडे बघून मान हलवली, गिअर टाकला आणि फाटकातून बाहेर पडले.

"एक चक्कर मारून येतील," विश्वजित म्हणाला.

चहा आला. आप्पांचा कप तसाच गार झाला. अर्धा तास गेला, तास गेला. विश्वजित चार वेळा फाटकाशी जाऊन आला.

"मला न्यायचंसुद्धा विसरले की काय... उस्ताद, अजून आले न्हाईत. काही चुकलं तर नसंल?"

उस्ताद फडक्याला हात पुसत म्हणाले, "चुकलं असतं तर लगीच आले असते."