दयाळाच्या चार मैना

माणसांना दुकानांवर पाट्या लावायचं अजून सुचलंही नव्हतं, तेव्हाची ही गोष्ट. माळावरच्या चिंचेवर एक दयाळ पक्षी गिऱ्हाइकांना हाका बांधून द्यायचा. आधी दिवसभर गिऱ्हाइकाच्या दाराशी गप्प बसायचा, मग त्यालाच शोभेल अशी हाक रचायचा.

काम वाढलं, तशा त्यानं चार मैना हाताखाली घेतल्या. त्या त्याची तान हुबेहूब उचलत. दयाळ खूश! आता दाराशी बसतंय कोण?

एकदा टिटवीनं धोक्याची हाक मागितली. धाकट्या मैनेनं तिलाही तीच गोड तान शिकवली. दुसऱ्याच दिवशी टिटवीच्या अंड्यांवर मुंगूस चालून आलं. टिटवीनं तान घेतली आणि सगळं रान "वाहवा!" म्हणत डोलत बसलं. शेवटी ती आपल्या मूळच्या आवाजात किंचाळली, तेव्हा कुठे सगळे धावले आणि अंडी वाचली.

दयाळ ओशाळला. मैनांना म्हणाला, "उद्यापासून आधी गिऱ्हाइकाच्या दाराशी बसायचं, मगच गायचं."

"आणि आज काय करायचं, मालक?" धाकटीनं विचारलं.

"आज मी तुमच्या दाराशी बसतो. तुमचा आवाज मी अजून ऐकलाच नाही."