वाल चावणारी चांगुणा

तुमच्या आजीच्या आजीनंही जिला पाहिलं नाही, अशा बाईची ही गोष्ट. आंबेटेप गावात भात कापलं की त्याच ओलीवर वाल पेरायचे. ते वाळवून, राखेत घोळवून मडक्यात भरायचे आणि तोंड शेणामातीनं लिंपून टाकायचे. भर पावसात नदी वाट अडवायची, तेव्हा गाव त्या मडक्यांवर जगायचं.

वाल वाळले की नाही, हे ठरवायची चांगुणा. ती दाणा दाताखाली धरायची. कट्कन फुटला तर भरा, दात रुतला तर थांबा. तिच्यापुढे पाटीलसुद्धा गप्प बसायचा. तिनं लिंपलेल्या मडक्यात सात वर्षांनीही भुंगा सापडला नाही, असं म्हणतात. बंद मडक्याला कान लावून ती आतले दाणे मोजायची, असंही म्हणतात. मोजत असेलही, मी कोण नाही म्हणणारी?

एका चैत्रात अवकाळी आभाळ भरून आलं. सगळ्या गावाचे वाल अंगणात पसरलेले. चांगुणानं दाणा चावला, तर दात रुतला.

"अजून दोन उन्हं हवीत," ती म्हणाली.

तेवढ्यात नदीपलीकडून सांगावा आला. तिच्या एकुलत्या लेकीला, सोनकीला, दिवस भरायच्या आधीच कळा लागल्या होत्या. बायांनी चांगुणाला घेरलं.

"काकी, भरू का गो? पाऊस आला तर सगळं जाईल. तू सांगितल्याबिगर कोण हात लावणार?"

वाल घरात पसरा, ऊन पडलं की पुन्हा काढा, एवढं सांगितलं असतं तरी भागलं असतं. पण तिचं सगळं चित्त लेकीपाशी.

"भरा," ती म्हणाली आणि पळत सुटली.

सोनकीला मुलगी झाली. आषाढात ती बाळाला घेऊन माहेरी आली आणि मागोमाग नदीनं वाट अडवली. घराघरातले तांदूळ संपले. मडकी उघडली तर गावभर कुबट वास सुटला, वाल बुरसून काळे पडले होते. एकवीस दिवस नदी उतरली नाही. उपाशी सोनकीचं दूध आटलं. चांगुणा वाटीभर पेजेसाठी दारोदार फिरली, पण द्यायला कुणाकडे काही नव्हतं. विसाव्या दिवशी बाळ गेलं.

गाव तिला एका शब्दानं बोललं नाही. बोललं असतं तर बरं झालं असतं. नदी उतरल्यावर सोनकी सासरी गेली, ती पुन्हा आली नाही.

चांगुणा मात्र दर चैत्रात घरोघर जाऊन दाणे चावत राहिली. दात पडले तेव्हा हिरड्यांनी चावायची आणि तोंड रक्तानं भरायचं. ती वारली त्या दिवशी गावातल्या एकूण एक मडक्याचं लिंपण ओलं झालं, पण आतला एकही दाणा भिजला नाही, असं म्हणतात.

आता मडकी गेली, पत्र्याचे डबे आले. पण चैत्रात वाल उन्हात असताना एखादीच्या लेकीला कळा लागल्या, की आंबेटेपच्या शेजारणी तिच्या अंगणाचा ताबा घेतात. त्या बाईचं नाव काहीही असो, सगळ्या तिला एकच सांगतात, "जा गो चांगुणे, लेकीकडे जा. वालांचं आम्ही बघतो."